दिवाळखोरीचा वकील शोधताय? ठाणे-नवी मुंबईवाल्यांनो, पैसे द्यायच्या आधी एवढं तपासाच

दोन-तीन हप्ते थकले की आधी रिकव्हरीवाल्यांचे फोन चालू होतात आणि त्यांच्या मागोमाग दुसऱ्या लोकांचे, ‘सर आम्ही लीगल फर्ममधून बोलतोय, तुमचं सगळं लोन क्लिअर करून देतो, बँकेशी आमचे वकील बोलतील, तुम्ही फक्त रजिस्ट्रेशन करा’. कर्जात अडकलेल्या माणसाला हा फोन देवासारखा वाटतो, कारण कितीतरी दिवसांत कोणीतरी त्याच्याशी न ओरडता बोललेलं असतं. माझी आयुष्यातली बरीच वर्षं ठाण्यात लोकांची कर्जाची कागदपत्रं वाचून द्यायची, बँकेला अर्ज लिहून द्यायचे यात गेली आहेत, मी वकील नाही, पण कर्जाने जेवढे लोक खचले नाहीत तेवढे या ‘कर्जमुक्ती’वाल्यांनी खचवलेले बघितलेत. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. खऱ्या वकिलाच्या प्रत्येक कामाला एक नंबर असतो जो तुम्ही स्वतः तपासू शकता. सनदेचा म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, केसचा नंबर, पावतीचा नंबर. फसवणारा मात्र तुम्हाला फक्त त्याच्या शब्दावर ठेवतो, ‘काम चालू आहे’, ‘साहेबांशी बोलणं झालंय’, ‘ऑर्डर निघालीच समजा’. खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळं याच्याच भोवती आहे.

आधी हे समजून घ्या की कायद्यात मुळात काय आहे

हे थोडं कंटाळवाणं आहे पण वाचाच, कारण निम्मी फसवणूक इथेच पकडली जाते. लोक तुम्हाला जी गोष्ट विकतात ती कायद्यात असतेच असं नाही.

सध्या सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य म्हणजे ‘सर, २०१६ चा नवीन दिवाळखोरी कायदा आलाय, त्यात फ्रेश स्टार्ट म्हणून प्रोसेस आहे, १८० दिवसांत कर्ज शून्य’. आता खरं ऐका. २०१६ चा इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड आहे, त्यात साध्या माणसांसाठीचा भाग पण आहे आणि त्यात फ्रेश स्टार्ट हा शब्दही आहे, पण मी हे लिहितोय तोपर्यंत तो भाग नोकरदार किंवा छोट्या धंदेवाल्या सामान्य माणसासाठी लागू केलेलाच नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला जे वैयक्तिक जामीनदार राहिलेत त्यांच्यासाठी. म्हणजे तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती, तिच्या लोनला तुम्ही गॅरंटी दिली होती, तर तुमची केस एनसीएलटीमध्ये, म्हणजे कंपन्यांची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात जाऊ शकते, जे मुंबईत कफ परेडला आहे. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोनवाल्यांचा तिथे काही संबंध नाही. आणि समजा उद्या फ्रेश स्टार्ट लागू झालं तरी त्याची पात्रता बघा, वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत आणि नावावर घर नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कात कामाला जाणाऱ्या आणि आठ लाखांचं पर्सनल लोन असलेल्या माणसाला जो हे विकतो तो एकतर अडाणी आहे किंवा चोर आहे, दोन्ही केसमध्ये तुमच्या कामाचा नाही.

मग आपल्याकडे सामान्य माणसाला दिवाळखोरी आहे का? आहे, पण ती जुन्या कायद्याने. मुंबईत १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट आणि तो हायकोर्टात, मुलुंड चेक नाका ओलांडून ठाण्यात आलात की १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट आणि तो जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली, वाशी, नेरुळ, बेलापूर हे सगळं ठाणे जिल्ह्यात. पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात येतं, हे नवी मुंबईत राहणाऱ्या कितीतरी लोकांच्या लक्षात नसतं, म्हणून खारघरला राहणाऱ्याला कोणी ‘तुमचा अर्ज ठाण्याला टाकलाय’ म्हणाला तर लगेच विचारा की का. कारण असू शकतं, तुमचा धंदा किंवा नोकरी ठाण्यात असेल तर होऊ शकतं, पण उत्तर नीट आलं पाहिजे.

या जुन्या कायद्यातला नादारीचा म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज ही काही जादू नाही. तुम्हाला तुमची सगळी मालमत्ता, सगळी देणी, सगळे सावकार यांची यादी शपथेवर द्यावी लागते. कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. सरकारी राजपत्रात नोटीस छापली जाते. त्यामुळे ‘कोणाला कळणार पण नाही, सिबिलला पण लागणार नाही’ असं जो सांगतो तो खोटं बोलतोय, संपलं. गृहकर्ज किंवा गाडीच्या कर्जासारखं जे तारण ठेवून घेतलंय त्यात बँकेचा तारणावरचा हक्क तसाच राहतो, नादारी जाहीर झाली म्हणून फ्लॅट वाचत नाही. सरकारी देणी आणि फसवणुकीने केलेली देणी डिस्चार्ज (कोर्टाकडून देण्यांतून सुटका) मिळाला तरी सुटत नाहीत. चेक बाउन्सची केस फौजदारी आहे, ती वेगळी चालते. आणि यात वेळ जातो, भरपूर जातो. काही लोकांसाठी हा मार्ग खरंच योग्य असतो, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, पण ज्याने तुम्हाला हे सगळे तोटे न सांगता फक्त ‘कर्ज माफ’ एवढंच सांगितलं त्याच्याकडून वकीलपत्र परत घ्या.

खूप जणांना खरं तर दिवाळखोरीची गरजच नसते हेही सांगतो. कोणाला बँकेबरोबर सेटलमेंट हवी असते, कोणाला हप्ता कमी करून मुदत वाढवून हवी असते, कोणाला घरावर आलेल्या सरफेसीच्या (बँकेला तारण जप्त करू देणाऱ्या कायद्याच्या) नोटिशीला उत्तर द्यायचं असतं. सरफेसीची पहिली नोटीस ६० दिवसांची असते, त्यावर तुम्ही लेखी हरकत घेतली की बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि पुढे बँकेने ताब्याची कारवाई केली तर ४५ दिवसांत डीआरटीमध्ये म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. डीआरटीचं एक ऑफिस आपल्या वाशीतच आहे, स्टेशनजवळ सेक्टर ३० ए ला एमटीएनएलच्या बिल्डिंगमध्ये. हे सगळे दिवस मोजलेले असतात आणि म्हणूनच भामटा वकील सगळ्यात जास्त नुकसान इथे करतो, तो पैसे खातो तेवढ्यावर भागत नाही, तो तुमची मुदत खातो. पैसे परत कमावता येतात, ४५ दिवस गेले की मग उशीर माफ करा म्हणून कोर्टापुढे हात जोडायची वेळ येते.

कशा कशा ऑफर येतात

‘कर्जमाफी सर्टिफिकेट’. याबद्दल रिझर्व्ह बँकेने स्वतः डिसेंबर २०२३ मध्ये लोकांना सावध केलंय की काही संस्था फी घेऊन अशी सर्टिफिकेटं देतायत आणि त्यांना तसा काहीही अधिकार नाही. असं सर्टिफिकेट बँकेत दाखवून काही होत नाही. कागद कितीही गुळगुळीत असो, त्यावर अशोकस्तंभ असो, होलोग्रामचं स्टिकर असो.

दुसरी आणि जास्त धोकादायक म्हणजे महिन्याच्या वर्गणीवाली कंपनी. हे लोक गोड बोलतात, ॲप पण असतं. सांगतात ईएमआय भरणं बंद करा, ते पैसे आमच्याकडे जमा करा, सहा-आठ महिन्यांनी आम्ही बँकेशी अर्ध्यात सेटल करू, तोपर्यंत आमचे वकील फोन सांभाळतील. वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप असलेले एक काका माझ्याकडे आले होते, त्यांचं कर्ज फार नव्हतं, मनात आणलं असतं तर भावाकडून घेऊन मिटवलं असतं, पण कंपनीने हप्ते बंद करायला लावले आणि पुढच्या दहा महिन्यांत व्याज, दंड, चेक बाउन्सचे चार्जेस सगळं चढत गेलं, कंपनीची महिन्याची फी वेगळी गेली आणि ‘वकिलांनी’ बँकेला पाठवलेलं पत्र म्हणजे एकाच नमुन्याची दोन ओळींची ई-मेल होती ज्यात काकांचं नावसुद्धा चुकीचं. काका म्हणाले, ‘अरे ते रोज मला फोन करून धीर द्यायचे’. त्या धीराचे पैसे घेत होते ते. सेटलमेंट ही वाईट गोष्ट नाही, जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात तडजोडीची सगळी चौकट दिलेली आहे, पण ती बँक आणि तुमच्यात होते, त्यासाठी तुम्ही स्वतः ब्रँचला किंवा बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज करू शकता. ‘हप्ते बंद करा’ हा सल्ला कोणीही दिला तर त्याला तो लेखी द्यायला सांगा. देणार नाही.

तिसरी, कोर्टाच्या आवारातला दलाल. कोर्ट नाक्याला किंवा बेलापूरच्या कोर्टाबाहेर उभे असतात, चेहऱ्यावरूनच ओळखतात कोण घाबरलेला आहे. ‘दादा, काय काम आहे? दिवाळखोरी? आपले वकील आहेत ना’. वकिलाला गिऱ्हाईक आणून देऊन कमिशन घेणाऱ्याला कायद्यात दलालच म्हणतात आणि अशांची यादी करून त्यांना आवारातून बाहेर ठेवायचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना आहे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकील आपली फी वकील नसलेल्या माणसाबरोबर वाटून घेऊ शकत नाही. म्हणजे जो वकील दलालामार्फत आलाय त्याने पहिला नियम तुम्हाला भेटायच्या आधीच मोडलेला आहे.

आणि हल्ली ‘बँकेतला आपला माणूस’ हा प्रकार खूप वाढलाय. सांगतात की मॅनेजर सेट आहे, दोन लाखाचं पन्नास हजारात करून देतो, पण पैसे कॅश द्या किंवा या यूपीआयवर टाका. सेटलमेंटचे पैसे नेहमी फक्त तुमच्या लोन अकाउंटला जातात. दुसऱ्या कुठल्याही खात्यात नाही, वकिलाच्या नाही, एजंटच्या नाही, मॅनेजरच्या तर नाहीच नाही. आणि सेटलमेंटचं पत्र हातात आलं की त्यावर लोन नंबर, रक्कम, तारीख, सही आहे ना बघा आणि पैसे भरायच्या आधी ब्रँचला जाऊन ते पत्र खरं आहे का विचारून या, ठाणे स्टेशनपासून कुठलीही ब्रँच रिक्षाने जाण्याइतकी आहे, एवढा त्रास घ्याच.

वकील खरा आहे का हे कसं बघायचं

आपल्या राज्यातल्या वकिलाची नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे होते. तिथे त्याला सनद मिळते आणि एक नंबर मिळतो, एमएएच, मग आकडा, मग वर्ष. हा नंबर मागायला लाजू नका. ‘वकीलसाहेब, तुमचा सनद नंबर द्याल का, फाइलवर लिहून ठेवतो’ एवढंच म्हणा. खरा वकील दोन सेकंदांत सांगतो कारण त्याच्या लेटरहेडवर, वकीलपत्रावर तो असतोच. जो चिडतो किंवा ‘आमची कंपनी रजिस्टर्ड आहे’ म्हणतो तिथून उठा. कंपनी रजिस्टर्ड असेल पण कंपनी वकिली करू शकत नाही, कोर्टात उभा राहायचा अधिकार नाव नोंदवलेल्या वकिलालाच आहे, आणि १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये सनद नसताना कोर्टात वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.

नंबर मिळाला की काय करायचं? बार कौन्सिलच्या ऑफिसमध्ये विचारता येतं. त्याहून सोपं म्हणजे ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपवर जा, तिथे वकिलाच्या नावाने केस शोधता येतात, ठाणे जिल्हा निवडा आणि बघा या माणसाच्या नावावर केसेस दिसतात का, कुठल्या प्रकारच्या दिसतात. ज्याच्या नावावर फक्त मोटार अपघाताचे क्लेम आहेत तो वाईट वकील आहे असं अजिबात नाही पण त्याने नादारीचं किंवा डीआरटीचं काम कधी केलंय का हे विचारायला तुम्हाला मुद्दा मिळतो. तिथेच कायद्याच्या नावाने पण शोधता येतं. आणि जर तुमचं प्रकरण एनसीएलटीचं असेल आणि समोरचा म्हणत असेल ‘मी इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल आहे’ तर त्याची नोंदणी आयबीबीआय या दिवाळखोरीच्या नियामक संस्थेकडे असते, त्यांच्या साइटवर यादी आहे, नाव टाका आणि बघा.

जाहिरातीबद्दल एक. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ३६ नंबरच्या नियमाने वकिलाला जाहिरात करून, फोन करून, माणसं पाठवून काम मागायला बंदी आहे. आपलं नाव, पत्ता, नोंदणी नंबर, शिक्षण, कुठल्या विषयात काम करतो एवढी माहिती वेबसाइटवर ठेवता येते, बास. त्यामुळे ज्याचा बोर्ड लोकलच्या डब्यात चिकटवलाय ‘कर्जमुक्ती १००% गॅरंटी’ किंवा जो तुमच्या फोनवर रील टाकून ‘आजच कॉल करा’ म्हणतोय तो एकतर वकील नाही किंवा नियम तोडणारा वकील आहे. गॅरंटी देणारा तर नकोच. कोर्टाचा निकाल कोणाच्या खिशात नसतो.

मग चांगला वकील सापडणार कुठे? ओळखीतून विचारा, ज्याची केस प्रत्यक्ष चाललीय अशा माणसाला विचारा, बार रूममध्ये जाऊन विचारा की नादारीचं काम कोण करतं. आणि ज्यांना फी परवडत नाही त्यांनी ठाणे जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना, औद्योगिक कामगारांना आणि कमी उत्पन्नवाल्यांना वकील फुकट मिळतो, स्त्रियांना तर उत्पन्नाची अट पण नाही. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर. लोकांना वाटतं फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ, मी तिथून आलेले अतिशय मन लावून काम करणारे वकील बघितलेत.

फीचं बोलणं

पहिल्या भेटीत फी विचारा आणि लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. एकूण किती, टप्पे कसे, कोर्ट फी आणि टायपिंग-झेरॉक्स वेगळं आहे का, दर तारखेला वेगळे पैसे आहेत का, हायकोर्टात गेलं तर काय. सगळी फी आधी देऊ नका. सुरुवातीला थोडी, अर्ज दाखल होऊन नंबर पडला की पुढची, असं बोलून घ्या, बरेच वकील याला तयार असतात.

‘आम्ही तुमचं जेवढं कर्ज कमी करू त्याच्या पंधरा-वीस टक्के आमची फी’ हे ऐकायला छान वाटतं, पण निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला बंदी आहे. म्हणून टक्केवारी बोलणारा समोर आला की समजा की तुम्ही वकिलाशी बोलत नाही आहात, सेल्समनशी बोलताय.

अजून एक खूण फारशी कोणाला माहीत नसते. नोकरदार माणसाने स्वतःच्या कामासाठी वकील केला तर त्या वकिलाच्या किंवा वकिलांच्या फर्मच्या फीवर जीएसटी लागत नाही. बिलावर ‘लीगल फी अधिक १८% जीएसटी’ छापून आलं तर ते बिल वकिलाचं नाही, कुठल्यातरी कन्सल्टन्सी कंपनीचं आहे, मग विचारा की माझा वकील कोण, त्याचं वकीलपत्र कुठे आहे.

पैसे वकिलाच्या नावाच्या खात्यात टाका, कॅश दिली तर पावती. आणि फी भरायला पीएफ काढू नका, कळकळीने सांगतोय. ‘पीएफ ॲडव्हान्स काढा, आम्ही फॉर्म भरून देतो’ असं हे लोक स्वतः सुचवतात. तुमच्या पीएफला कायद्याने संरक्षण आहे, पीएफच्या कायद्यातच लिहिलंय की सावकाराला, बँकेला कोर्टाकडूनसुद्धा त्यावर जप्ती आणता येत नाही. सगळं गेलं तरी जे तुमचं राहणार आहे तेवढंच नेमकं हे लोक काढून घेतात. बायकोचे दागिने मोडूनही फी देऊ नका. खऱ्या वकिलाची फी भरायला घर मोडावं लागत असेल तर विधी सेवावाल्यांकडे जा.

कशावर सही करायची, कशावर नाही

वकीलपत्रावर सही करायची, ती लागतेच. पण त्यावर कोर्टाचं नाव, तुमचं नाव, वकिलाचं नाव आणि सनद नंबर भरलेला असला पाहिजे आणि सही केल्यावर फोनने फोटो काढून घ्या. कोऱ्या कागदावर नाही, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर नाही, कोऱ्या चेकवर नाही. ‘मुखत्यारपत्र द्या म्हणजे तुम्हाला ऑफिसमधून सुट्टी घ्यायला नको’ म्हणाले तर नको, सुट्टी घ्या. नादारीच्या अर्जात जे लिहिलंय ते तुम्ही शपथेवर सांगताय, त्यामुळे अर्ज मराठीत समजावून घ्या, प्रत्येक पान वाचा, त्यात एखादं कर्ज किंवा गावाकडची जमीन लपवली असेल तर जेल तुम्हाला होऊ शकते, वकिलाला नाही.

‘फ्लॅट आधी बायकोच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाका, मग अर्ज टाकू’ हा सल्ला ज्याने दिला त्याला तिथेच नमस्कार करा. नादार ठरायच्या आधीच्या दोन वर्षांत असं फुकट केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं, आणि तुमची नियत खराब होती हे त्यातून दिसतं ते वेगळंच. तसंच आधार, पॅनच्या झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहा, कोणत्या कामासाठी दिली आणि तारीख. ओटीपी, नेट बँकिंगचा पासवर्ड, फोनचा स्क्रीन दाखवणारं ॲप यातलं काहीही कुठल्याच वकिलाला लागत नाही.

केस खरंच टाकलीय का

फसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची केस कधी दाखलच झालेली नसते. त्यांना व्हॉट्सॲपवर ‘स्टे मिळाला’ म्हणून एक फोटो येतो, शिक्का असतो, सही असते, सगळं असतं. म्हणून अर्ज टाकला म्हणाले की सीएनआर नंबर मागा. जिल्हा न्यायालयातल्या प्रत्येक केसला हा १६ अक्षर-आकड्यांचा नंबर असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, कुठल्या न्यायाधीशांपुढे, काय झालं ते सगळं दिसतं. नंबर देत नसतील तर स्वतःचं नाव पक्षकार म्हणून टाकून शोधा. दाखल करून दोन-तीन दिवसांत दिसलं नाही तर घाबरू नका, कधी नंबर पडायला वेळ लागतो, पण तीन आठवडे झाले आणि वकील अजून ‘स्क्रूटिनीत आहे’ म्हणतोय तर फाइलिंगचा नंबर मागा आणि स्वतः कोर्टात जाऊन खिडकीवर विचारा. डीआरटी आणि एनसीएलटीच्या साइटवरही नावाने केस शोधता येते.

तारखेला स्वतः जा, निदान सुरुवातीच्या. पुकारा होतो का, तुमचा वकील उभा राहतो का, दुसऱ्याला पाठवतो का हे डोळ्यांनी बघा. रोजनामा वाचायला शिका, अवघड नाही, त्या दिवशी काय घडलं ते दोन-चार ओळींत असतं. आणि कुठल्याही ऑर्डरचा फोटो आला तर ‘सर्टिफाईड नक्कल द्या’ म्हणा.

घाबरवून पैसे काढणाऱ्यांबद्दलही सांगायलाच हवं. ‘उद्या पोलीस येतायत, आज तीस हजार भरा, वकील अटक थांबवतील’. पर्सनल लोनचा हप्ता थकला एवढ्यावरून पोलीस अटक करत नाहीत, ते दिवाणी प्रकरण आहे. चेक बाउन्सची केस असेल तर कोर्टाचं समन्स येतं, त्यावरचा केस नंबर वरच्याच पद्धतीने तपासा. रिकव्हरी एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, त्रास देत असतील तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याला एक रुपया लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कोणी लोकपालाकडे तक्रार टाकायचे पाच हजार मागत असेल तर तेही लुटणंच झालं.

हे सगळं एकट्याने करू नका. घरी सांगा. मला माहितेय की कर्जाचं घरी सांगणं किती जड जातं, पण हे लोक पहिल्याच फोनवर विचारतात ‘घरी माहितेय का?’ आणि तुम्ही नाही म्हणालात की त्यांचं काम सोपं होतं. बायको, भाऊ, मोठी मुलगी, कोणीतरी एक जण वकिलाकडे सोबत न्या. दोन माणसांसमोर थापा मारणं कठीण जातं आणि तुमच्या डोक्यातून जे प्रश्न निसटतात ते सोबतचा विचारतो.

आधीच पैसे दिले असतील तर

आज ऑनलाइन पैसे गेले असतील तर आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा, जितक्या लवकर तितकी ते पैसे पुढच्या खात्यात अडवायची शक्यता जास्त. मग पोलीस स्टेशनला लेखी तक्रार, चॅट, स्क्रीनशॉट, पावत्या, फोन नंबर सगळं जोडून. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमात येते. चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात नंबर ब्लॉक करून सगळं पुसून टाकतात लोक.

समोरचा खरा सनदवाला वकील असेल आणि त्याने पैसे घेऊन काम केलं नसेल तर तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या ३५ कलमाखाली, गैरवर्तन सिद्ध झालं तर सनद निलंबित होऊ शकते, कायमची पण जाऊ शकते. ग्राहक मंचात जाऊ नका, मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. सेटलमेंट कंपनी मात्र वकील नाही, तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा रस्ता वापरता येतो का हे नवीन वकिलाला विचारा.

जुन्या वकिलाने ‘फी बाकी आहे, फाइल देत नाही’ म्हटलं तर ऐकून घेऊ नका. सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय की फी बाकी आहे म्हणून वकिलाला अशिलाची कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. लेखी मागा, स्पीड पोस्टाने, पोचपावती ठेवा. त्याच वेळी नवीन वकिलाकडून आधी एवढंच बघून घ्या की कुठली मुदत चालू आहे का, सरफेसीचे ४५ दिवस, समन्सची तारीख, कोर्टात उत्तर द्यायची तारीख, कारण फसवणुकीच्या तक्रारीच्या मागे धावताना ही तारीख निघून जाते, आणि तुमची फसवणूक झाली हे बँकेच्या नोटिशीला उत्तर होत नाही.

बँकेलाही एक पत्र द्या की अमुक एजन्सीला माझ्या वतीने बोलायचा अधिकार आता नाही, यापुढे माझ्याशी थेट बोला. मग तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढा, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चारही कंपन्या वर्षातून एकदा फुकट देतात, त्यात तुमच्या नावावर एखादं नवीन लोन दिसतंय का ते बघा, कारण तुमचं आधार-पॅन त्या लोकांकडे गेलेलं आहे. दिसलं तर त्याच रिपोर्टवरून ऑनलाइन हरकत नोंदवता येते आणि ३० दिवसांत ती निकाली काढायची असते, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.